बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन, सारंगी आणि तबला एका सुरात कसे यायचे?

गायला बसलं की पेटीवाला पहिला प्रश्न विचारतो, पट्टी कुठली? काळी एक, पांढरी चार की काळी पाच? आपल्याकडे ‘सा’ कुठल्याही उंचीवर धरता येतो. पण चार वाद्यं एकत्र आली की सगळ्यांना एकाच ‘सा’वर यावं लागतं.

पाश्चात्त्य संगीतात यासाठी १९३९ साली लंडनच्या परिषदेत ‘ए’ या स्वराची उंची ४४० हर्ट्झ ठरली. तरी स्कॉटलंडची बॅगपाइप आजही त्याहून चढी वाजते, त्यामुळे इतर वाद्यांशी तिचं सहज जमत नाही.

मराठी रंगभूमीवर हा जुळणीचा प्रश्न बालगंधर्वांच्या काळात चांगलाच रंगला.

२६ जून १८८८ ला नागठाण्यात जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांनी गाण्याचे सुरुवातीचे धडे घेतले ते आपल्या खानदेशात, जळगावला, मेहबूबखाँ यांच्याकडे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. पुढे भास्करबुवा बखले त्यांचे गुरू झाले. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

या मंडळीत पायाने भाता मारायचा ऑर्गन होता, कादरबक्ष यांची सारंगी होती आणि अहमदजान थिरकवाँचा तबलाही होता.

आता यात अडचण काय?

ऑर्गनचे सूर धातूच्या पट्ट्यांतून येतात. ते कारखान्यातच ठरतात, खेळाच्या रात्री बदलत नाहीत. म्हणजे जुळवून घ्यायचं ते इतरांनी. सारंगीच्या मुख्य तारांखाली तिसाहून जास्त तरफा असतात, त्या एकेक करून लावाव्या लागतात. तबल्याचा दायाँ हातोडीने थोडाच चढतो-उतरतो. फार फरक असेल तर दुसरा दायाँच घ्यावा लागतो. ऑर्गनवाला क्षणात पट्टी बदलेल, पण सारंगी आणि तबल्याला तेवढी सवड कुठून मिळणार? म्हणून पट्टी आधीच ठरलेली बरी.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एकाचा आवाज लडिवाळ, दुसऱ्याचा तडफदार, आणि खेळ एकच!

पण ठरलेल्या सुरांची किंमतही मोजावी लागते. ऑर्गनवर दोन स्वरांमधली मींड निघत नाही, ती निघते सारंगीवर. बालगंधर्वांनी दोन्ही वाद्यं ठेवली. ऑर्गनने भरीव आधार दिला, सारंगी गळ्यामागून चालली.

सगळ्यांना हा मधला मार्ग पटला नाही. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये ऑर्गनची धाकटी बहीण असलेल्या हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

तोवर बालगंधर्व राहिले नव्हते. कर्जाचे डोंगर, ‘धर्मात्मा’ सिनेमा, १९६४ चं पद्मभूषण असं सगळं पाहून १५ जुलै १९६७ ला त्यांचं निधन झालं. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचं नाव आहे. तिथे कधी मैफलीला गेलात, तर सुरुवातीची ठोकठाक आणि पिळापिळी कंटाळवाणी म्हणून मोबाइल काढू नका. मैफल जमणार की नाही, हे तिथेच ठरतं.