गैरकारभाराचा धडा देणारे दिवाण : सर टी. माधवराव

वडोदरा : जुलमी राज्याची काल्पनिक कादंबरी वर्गात शिकवायला घेतली की पोरांना ती भलत्याच जगातली गोष्ट वाटते. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ घ्या. त्यातला कुठला प्रसंग कुठल्या खऱ्या इतिहासाशी जुळतो, हे दाखवणं हेच तिथे शिक्षकाचं खरं काम. ती कादंबरी १९४९ ची. त्याच्या अडुसष्ट वर्षं आधी बडोद्यात एका मराठी माणसाने हे काम कादंबरीशिवाय केलं होतं. विद्यार्थी एकच होता, पण त्याच्या हातात अख्खं संस्थान जाणार होतं.

ते शिक्षक म्हणजे राजा सर टी. माधवराव. जन्म १८२८, गाव कुंभकोणम. घराणं तंजावरकडचं मराठी. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासला शिक्षण झाल्यावर माधवरावांनी काही काळ हिशेब खात्यात नोकरी केली आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला गेले. पुढे ते तिथलेच दिवाण झाले. कर्जात बुडालेलं ते संस्थान त्यांनी सावरलं. तिथून इंदूर आणि मे १८७५ मध्ये बडोदे.

तेव्हा बडोद्याची अवस्था काय होती? मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविरुद्ध एवढ्या तक्रारी झाल्या की १८७३ मध्ये इंग्रज सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नजराणा देऊन नोकऱ्या मिळत होत्या, सावकारांची मालमत्ता जप्त होत होती, लोकांना फटके बसत होते, घरंदाज बायकांना वाड्यात बळजबरीने लौंडी करून ठेवलं जात होतं. एकीकडे प्रजा करापायी पिचलेली, तर दुसरीकडे सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या. त्यातच १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचं प्रकरण निघालं. खटला चालवणाऱ्या आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. त्यांचं एकमत झालं नाही. मग गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं.

रिकाम्या गादीवर महाराणी जमनाबाईंनी मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. हेच पुढचे महाराजा सयाजीराव. रोजचा अभ्यास एलियट साहेबांकडे होता आणि कारभार माधवरावांकडे. त्यांनी इजाऱ्याने वसुली करायची पद्धत बंद केली, जव्हेऱ्यांची थकलेली देणी मिटवली आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी केली. बडोदा कॉलेजही त्यांच्याच काळातलं.

१८८१ मध्ये, राज्याधिकार मिळायच्या आधी, माधवरावांनी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती इंग्रजीत होती आणि पुढे ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. प्रजेचं सुख हेच राजाचं पहिलं काम, कर मनमानी नको, न्यायालयात राजाने ढवळाढवळ करू नये, वाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, खुशमस्कऱ्यांपासून दूर राहावं, असा त्यांचा गाभा. त्यातला एकेक मुद्दा सहा वर्षांपूर्वीच्या बडोद्याला लावून बघा, बरोबर बसतो. मल्हारराव हा एकटा वाईट माणूस होता, एवढं सांगून माधवरावांना थांबता आलं असतं. पण राजाला अडवणारा कायदाच नसेल तर चांगला माणूसही घसरतो, हा त्यांचा खरा धडा होता.

या धड्याला एक मर्यादाही होती. इंग्रजांना दुखवायचं नाही, हे माधवरावांचं पक्कं धोरण. सयाजीरावांना ते पुरतं पटलं नाही. हातात सत्ता येताच दोघांचं बिनसलं आणि १८८२ मध्ये माधवरावांनी बडोदे सोडलं. ते मद्रासला परतले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

शिष्याने त्यांची शिकवण टाकली मात्र नाही. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी ठरलेली रीत पाळली नाही, म्हणून मोठा गदारोळ झाला. गुरूने जिथे थांबायला सांगितलं होतं, तिथून शिष्य पुढे गेला.

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक ‘स्टॅच्यू’ म्हणूनच ओळखतात. पण पुतळा कोणाचा, हे आपल्याकडच्या किती मराठी पोरांना ठाऊक असेल? वर्गात जुलमी राज्याची गोष्ट निघाली की बडोद्याची ही सहा वर्षं जरूर सांगावीत. आणि पोरांना एकच प्रश्न विचारावा : या राजाला नाही म्हणायचा अधिकार कोणाला होता? कादंबरी आणि इतिहास यांचा सांधा तिथेच जुळतो.