४२ फुटांचं रिंगण

मैत्रिणींनो, परवा आमच्या बचत गटात एक गंमत झाली. बारामतीला सर्कस आली की सगळ्यांच्या मुलांना मिळून न्यायचं, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एकीनं ठासून सांगितलं, की भारतातली पहिली सर्कस आपल्या कुर्डुवाडीच्या राजाच्या पदरी सुरू झाली. तिच्या मुलीनं इंटरनेटवर वाचलं होतं म्हणे. माझं माहेर इंदापूरचं, कुर्डुवाडी आम्हाला जवळची. तिथलं जंक्शन ठाऊक, बार्शीची छोटी गाडी ठाऊक, पण राजा? तो कुरुंदवाडचा, कोल्हापूरकडचा. इंग्रजीत लिहिताना कुणीतरी गावाची गल्लत केली आणि तीच पुढे चालू राहिली.

त्या कुरुंदवाड संस्थानात घोड्यांची जबाबदारी विष्णुपंत छत्रे यांच्याकडे होती. मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. १८७९ मध्ये चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती. संस्थानिकांबरोबर विष्णुपंत ती बघायला गेले. भारतीयांना असली सर्कस उभी करायला अजून बराच काळ लागेल, असं चिआरिनी म्हणाला आणि ते विष्णुपंतांना झोंबलं, अशी हकिगत सांगतात. हकिगतीचं सोडा, पण १८८० मध्ये त्यांची स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली, हे खरं.

आता रिंगण गोलच का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. त्याचं उत्तर घोड्यात आहे. लंडनच्या फिलिप ॲस्टली या घोडेस्वारानं १७६८ मध्ये घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. घोडा गोल दौडत राहिला की स्वार बाहेर फेकला जातो, तो आत झुकतो आणि दोन्ही जोर जुळले की पाठीवर उभं राहणं सोपं जातं. त्यासाठी रिंगण ४२ फुटांचं ठरलं. म्हणजे आपल्या हिशेबात २८ हात. विष्णुपंत पक्के घोडेस्वार, त्यामुळे त्यांना हे गणित शिकवावं लागलं नसणार.

पण मला जास्त ओढ आहे ती त्यांच्या पत्नीची. ती उंच झोक्यावर कसरती करी आणि जनावरांनाही शिकवी. १८८० साल डोळ्यापुढे आणा. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ अजून यायचं होतं, ते आलं १८८२ मध्ये. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीत बसल्या. तेव्हा ब्राह्मण घरातली एक बाई शेकडो पुरुषांदेखत झोक्यावर! इंदापूरच्या उरुसात आकाशपाळण्यात बसायला मला दहावी होईस्तोवर परवानगी नव्हती. आणि इतकं करून, मी वाचलं त्यातल्या बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेख काय, तर ‘छत्र्यांची पत्नी’. नाव नाहीच. घोड्यांची नावं सुद्धा लोक लक्षात ठेवतात हो!

विष्णुपंतांना गाण्याचंही वेड. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँकडे ते शिकले होते. गुरू गेल्यावर त्यांचा मुलगा रहिमत खाँ हलाखीत आणि भ्रमिष्ट अवस्थेत भटकत होता. विष्णुपंतांनी त्याला शोधून आणलं, सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन लोकांपुढे गायला बसवलं. विष्णुपंत १९०५ मध्ये वारले, तरी खाँसाहेब कुरुंदवाडलाच राहिले. १९२२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

अमेरिकेचा दौरा काही जमला नाही. तिथल्या अवाढव्य सर्कशींपुढे यांचा टिकाव लागला नाही. पण दक्षिणेत फिरताना केरळात तेल्लिचेरीला कळरीपयट्टूचे गुरू कीलेरी कुञ्ञिक्कण्णन भेटले आणि पुढचं सगळंच बदललं. त्यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली. आमच्या लहानपणी इंदापुरात आलेल्या सर्कशीतल्या मुली आपसात मल्याळम का बोलायच्या, ते मला हे वाचल्यावर उमगलं.

तेव्हा आम्ही गॅलरीच्या फळ्यांवर बसायचो. चप्पल खाली पडली की भाऊ तंबूखाली शिरायचा. वाघाच्या खेळाआधी रिंगणाभोवती जाळी उभी करायला वेळ लागे, तेवढ्यात जोकर हसवायचे. बाहेर भेळ आणि बर्फाचा गोळा. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकडांच्या खेळांवर बंदी आणली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०११ मध्ये न्यायालयानं लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायलाही मनाई करायला सांगितलं. मी मुलींच्या शाळागळतीचं काम करते, त्यामुळे मला त्याचा आनंदच झाला. तंबूत प्रेक्षक मात्र कमी झाले, हेही खरंच.

गेल्या खेपेला बारामतीत बघितलं, तर फळ्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर मंचुरियनचा गाडा आणि आत जनावर एकही नाही. ज्याच्यासाठी रिंगण आखलं, तो घोडाही नव्हता. गोल मात्र तेवढाच. मी खुर्च्यांच्या कडेनं सहज पावलं टाकून बघितली.

शेवटी दिवे मंद झाले. दोरीच्या शिडीवरून एक बाई वर चढली, अंगठ्याएवढी दिसेपर्यंत. खाली जाळं होतं. माझ्या शेजारची छोटी तिचं नाव विचारत होती. मी रिंगमास्तरच्या माइककडे कान लावला, पण त्यानं फक्त खेळाचं नाव सांगितलं. मध्यंतरात मी मागे जाऊन तिचं नाव विचारून आले आणि त्या पोरीला सांगितलं.