जॉन व्हिटबी ॲलन

जॉन व्हिटबी ॲलन (२ जुलै, १९१३ – ६ जानेवारी, १९७३) हे अमेरिकन छायाचित्रकार आणि प्रतिकृती रेल्वेच्या, म्हणजेच मॉडेल रेल्वेच्या, छंदातील एक अग्रगण्य कलावंत होते. कॅलिफोर्निया राज्यातील माँटेरे येथे आपल्या राहत्या घरात त्यांनी एचओ प्रमाणात 'गोर अँड डॅफेटिड' ही काल्पनिक रेल्वे उभारली. या रेल्वेमुळे आणि तिच्याविषयी लिहिलेल्या सचित्र लेखांमुळे त्यांचे नाव जगभरातील छंदिष्टांत परिचित झाले. छतापर्यंत पोहोचणारे डोंगर, वापरून जुनी झालेली दिसणारी इंजिने व वाघिणी आणि खऱ्या रेल्वेच्या शिस्तीने चालणाऱ्या गाड्या ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होत. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा दिवसांत ही रेल्वे आगीत जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली.

एचओ प्रमाण

ॲलन यांचे कार्य समजून घेण्यासाठी एचओ प्रमाणाची ओळख आवश्यक आहे. ओ या जुन्या व मोठ्या प्रमाणाच्या सुमारे निम्मे, म्हणून 'हाफ ओ' किंवा एचओ, असे हे नाव पडले. यात खऱ्या वस्तूचा एक फूट साडेतीन मिलिमीटरने दाखवला जातो. म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे ८७ व्या भागाएवढी असते. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात २१ मिलिमीटरचा होतो, तर एक किलोमीटर लोहमार्गासाठी साडेअकरा मीटर जागा लागते. १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजसाठी दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हे प्रमाण झपाट्याने लोकप्रिय झाले. बारकावे दाखवता येतील एवढे मोठे आणि घरातील एखाद्या खोलीत मावेल एवढे लहान, असा मध्यम मार्ग त्यात साधला गेला होता. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' या संस्थेने रूळ व चाकांची मापे निश्चित केल्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांची इंजिने आणि डबे एकाच मार्गावर चालवणे सुकर झाले. ॲलन यांनी आपल्या कामाला आरंभ केला तो याच काळात.

जीवन

ॲलन यांचा जन्म मिसूरी राज्यातील जॉप्लिन येथे झाला. लहानपणी झालेल्या संधिवाती तापामुळे त्यांचे हृदय कायमचे दुर्बल झाले आणि अंगमेहनतीच्या कामावर मर्यादा आल्या. पुढे त्यांनी छायाचित्रण हा व्यवसाय स्वीकारला व लॉस एंजेलस येथे भागीदारीत स्टुडिओ चालवला. प्रकाश, सावली, चौकट आणि अंतराचा आभास यांची जी जाण त्यांना या व्यवसायातून लाभली, ती त्यांच्या रेल्वेच्या प्रत्येक कोपऱ्यात उमटलेली दिसते.

१९४६ च्या सुमारास व्यवसायातून मोकळे होऊन ते माँटेरे येथे स्थायिक झाले. आर्थिक गुंतवणूक विचारपूर्वक केलेली असल्याने त्यांना आपला बहुतेक वेळ छंदाला देता आला. आयुष्याची उरलेली सुमारे सव्वीस वर्षे त्यांनी एकाच काल्पनिक रेल्वेच्या उभारणीत घालवली.

गोर अँड डॅफेटिड

या रेल्वेचे नाव ही एक शाब्दिक कोटी आहे. तिच्या मार्गावरील दोन गावांची नावे एकत्र उच्चारली की इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ कानांवर पडतो. मार्गावरील इतर ठिकाणांची नावेही अशीच मिस्कील होती. शंटिंगच्या इंजिनांच्या जोडीला ॲलन यांनी स्टेगोसॉरस या डायनासोरची एक प्रतिकृती ठेवली, तिला एमा हे नाव दिले आणि १३ हा क्रमांकही बहाल केला. कामातील काटेकोरपणा आणि विनोदबुद्धी या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

ही रेल्वे तीन टप्प्यांत वाढली. पहिली मांडणी साधारण साडेतीन फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब, म्हणजे एखाद्या पलंगाएवढीच होती. दुसऱ्या टप्प्यात तिचा विस्तार झाला. १९५३ च्या सुमारास माँटेरे येथे स्वतःचे घर घेतल्यानंतर त्याच्या तळघरात तिसरी व अखेरची मांडणी आकारास येऊ लागली. पहिली छोटी मांडणी ॲलन यांनी मोडून टाकली नाही. ती या भव्य रेल्वेचा एक भाग म्हणून जशीच्या तशी सामावून घेतली. तिसऱ्या मांडणीचे काम त्यांच्या मृत्यूपर्यंत चालूच होते.

निसर्गदृश्ये आणि जुनेपणाचा आभास

त्या काळातील बहुतेक मांडण्या टेबलाच्या उंचीवर पसरलेल्या सपाट पाटासारख्या असत. ॲलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, कडे आणि दऱ्या उभ्या केल्या. पाहणाऱ्याला चालण्यासाठी सोडलेल्या वाटेलाच खोल दरीचे रूप आल्यामुळे तो रेल्वेच्या बाहेर नव्हे, तर तिच्या प्रदेशात उभा असल्याचा अनुभव घेत असे. दूरच्या वस्तू मुद्दाम लहान प्रमाणात करणे, तसेच योग्य कोनात आरसे बसवून रस्ता किंवा इमारतींची रांग पुढे चालू असल्याचा भास निर्माण करणे, या युक्त्याही त्यांनी कौशल्याने वापरल्या. अशा रीतीने तळघराच्या भिंती पाहणाऱ्याच्या नजरेतून नाहीशा झाल्या.

त्यांचे दुसरे मोठे योगदान म्हणजे प्रतिकृतींना जुनेपण देण्याची कला. कारखान्यातून आलेले इंजिन किंवा वाघीण चकचकीत असते. प्रत्यक्षातील वाघिणीवर मात्र धूळ, गंज, काजळी आणि पावसाचे ओघळ असतात. पातळ रंगाचे हात देऊन व खडूची पूड लावून ॲलन यांनी आपली वाहने आणि इमारती वापरलेल्या भासतील अशा केल्या. त्या वेळी अनेकांना महागड्या प्रतिकृती अशा मळकट करणे रुचत नसे. आज मात्र हे तंत्र छंदाचा सर्वमान्य भाग बनले आहे.

छायाचित्रण आणि लेखन

लहान वस्तूचे जवळून छायाचित्र घेतले की तिचा थोडाच भाग स्पष्ट येतो आणि उरलेला धूसर होतो. त्यामुळे ती प्रतिकृती असल्याचे लगेच उघड होते. ॲलन यांनी कॅमेऱ्याचे छिद्र अतिशय बारीक ठेवून आणि दीर्घ काळ प्रकाश देऊन जवळच्या रुळांपासून दूरच्या शिखरापर्यंत सर्व काही स्पष्ट येईल अशी छायाचित्रे घेतली. 'मॉडेल रेलरोडर' आणि अन्य नियतकालिकांतील त्यांच्या लेखांबरोबर ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. 'व्हार्नी' या एचओ इंजिने व डबे बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतही ती झळकली. माँटेरेला कधीही न गेलेल्या हजारो वाचकांना या रेल्वेची ओळख छायाचित्रांमधूनच झाली.

गाड्यांचे संचालन

ॲलन यांच्या दृष्टीने मांडणी केवळ पाहण्यासाठी नव्हती. ठरलेल्या दिवशी मित्रमंडळी जमत आणि प्रत्येकजण इंजिनचालक, यार्डाचा प्रमुख किंवा वाहतूक नियंत्रक अशी भूमिका पार पाडत असे. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे सुटत, मालाच्या वाघिणी विशिष्ट कारखान्याच्या साइडिंगवर पोहोचवल्या जात आणि रिकाम्या वाघिणी परत आणल्या जात. मांडणीवरील अंतरे फार लहान असल्याने वेळही त्याच बेताने आखडून घ्यावा लागतो. त्यासाठी नेहमीपेक्षा वेगाने फिरणारे घड्याळ वापरण्यात येई.

अशा संचालनात गाडी घसरणे किंवा मध्येच थांबणे परवडत नाही. म्हणून मांडणीचे बाह्य रूप आणि तिची यांत्रिक विश्वासार्हता यांत ॲलन यांनी भेद केला नाही.

टाइमसेव्हर

शंटिंगवर आधारित 'टाइमसेव्हर' हे कोडे ॲलन यांनी तयार केले आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पाच सांधे, इंजिनाला वळसा घालून वाघिणींच्या दुसऱ्या टोकाला जाता येईल असा जोडमार्ग आणि काही आखूड साइडिंगे एवढाच त्याचा पसारा असतो. दिलेल्या वाघिणी कमीत कमी वेळात ठरलेल्या जागी पोहोचवायच्या असतात. साइडिंगांची लांबी जाणूनबुजून मोजकी ठेवलेली असल्याने प्रत्येक हालचाल आधी मनात योजावी लागते. एका फळीवर मावणारे हे कोडे आजही अनेक नवोदितांची पहिली मांडणी ठरते.

नवोदितांच्या दृष्टीने महत्त्व

ॲलन यांची अखेरची मांडणी नवशिक्याला अनुकरणीय वाटण्याऐवजी दडपून टाकणारी वाटू शकते. तथापि त्यांच्या कार्यपद्धतीतून काही व्यावहारिक धडे मिळतात. पहिला धडा लहान आरंभाचा. पलंगाएवढ्या मांडणीतही रूळ टाकणे, वीजजोडणी, डोंगर आणि इमारती ही सर्व अंगे शिकता येतात, आणि सुरुवातीचे काम चांगले झाले असेल तर ते पुढील विस्तारात टिकते.

दुसरा धडा रुळांविषयीचा आहे. निसर्गदृश्य नंतर सुधारता येते. परंतु डोंगराखाली गेलेला सदोष सांधा दुरुस्त करणे जिकिरीचे असते. म्हणून रुळांमधील अंतर मापकाने तपासणे, जोड सपाट करणे, डब्यांची चाके व वजन पडताळणे आणि दृश्य उभारण्यापूर्वी दीर्घकाळ गाड्या चालवून पाहणे हितावह ठरते. बोगद्यातील मार्गापर्यंत हात पोहोचेल अशी सोयही आधीच करावी लागते.

तिसरा धडा जागेच्या हिशोबाचा. एचओ प्रमाणातील संचांत १८ इंच त्रिज्येची वळणे सर्रास आढळतात. प्रत्यक्षात ही त्रिज्या सुमारे ४० मीटर होईल, आणि एवढे तीव्र वळण मुख्य मार्गावर कोठेही नसते. त्यामुळे लांब डबे व मोठी इंजिने अशा वळणावर अडखळतात. लहान मांडणीसाठी आखूड वाहने निवडणे श्रेयस्कर होय. चढाचेही तसेच आहे. ५० ला १ या चढाने मार्ग तीन इंच उंच नेण्यासाठी साडेबारा फूट लांबी खर्ची पडते. हे गणित कागदावर न मांडता काम सुरू केल्यास एका मार्गावरून दुसरा नेण्याची योजना बहुधा फसते.

मृत्यू आणि आग

६ जानेवारी, १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ॲलन यांचे निधन झाले. त्यानंतर दहा दिवसांनी घराला लागलेल्या आगीत गोर अँड डॅफेटिडचा बहुतेक भाग जळून गेला. मोजक्याच वस्तू हाती लागल्या. ज्या मांडणीत पहिल्या छोट्या रेल्वेपासूनचे सारे काम जपलेले होते, तीच नाहीशी झाल्याने ते काम पुन्हा प्रत्यक्ष पाहण्याची शक्यता उरली नाही.

वारसा

मांडणी नष्ट झाली तरी तिची छायाचित्रे आणि ॲलन यांचे लेख शिल्लक राहिले. 'मॉडेल रेलरोडर'चे माजी संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांच्या आधारे 'मॉडेल रेलरोडिंग विथ जॉन ॲलन' हा ग्रंथ सिद्ध केला. वेस्टकॉट यांचे १९८० मध्ये निधन झाले आणि ग्रंथ १९८१ मध्ये प्रकाशित झाला. रेल्वेचे नकाशे, तंत्रे आणि छायाचित्रे एकत्र आणणारा हा ग्रंथ पुढील पिढ्यांसाठी मूळ मांडणीची जागा घेणारा ठरला.

नंतरच्या काळात विशिष्ट स्थळाचे व सालाचे तंतोतंत अनुकरण करणाऱ्या प्रतिकृतींकडे छंदाचा कल वाढला. त्या निकषावर ॲलन यांचे अतिउंच कडे आणि नाट्यमय पूल काहींना अवास्तव वाटतात. मात्र छतापर्यंतचे निसर्गदृश्य, जुनेपणाचा आभास आणि सामूहिक संचालन या त्यांनी रुजवलेल्या कल्पना या नव्या प्रवाहानेही स्वीकारल्या आहेत.

एचओ प्रमाणाचा प्रसार भारतातही झालेला आहे. पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातील आहे. ॲलन यांनी ज्या मापात आपले डोंगर आणि गावे घडवली, ते माप मराठी वाचकांना तेथे प्रत्यक्ष पाहता येते.