मेरी ॲनिंग : कड्यांतून प्राचीन सृष्टी उलगडणारी जीवाश्मशोधक

'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट १९९३ मध्ये आला आणि डायनोसॉर घरोघरच्या मुलांच्या परिचयाचे झाले. मात्र माणसाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर अशी अजस्र प्राणिसृष्टी नांदत होती, हे आपल्याला कळून जेमतेम दोनशे वर्षे झाली आहेत. हे ज्ञान ज्यांच्या कष्टांतून उभे राहिले, त्यांत इंग्लंडमधील एका सुताराच्या मुलीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ती म्हणजे मेरी ॲनिंग.

डॉर्सेट परगण्यातील लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावी २१ मे १७९९ रोजी मेरीचा जन्म झाला. वडील रिचर्ड सुतारकाम करीत आणि जोडीला कड्यांतून सापडणारे जीवाश्म पर्यटकांना विकत. ते वेचण्याची विद्या मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ त्यांच्याकडूनच शिकले. १८१० मध्ये वडील कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा मेरी अकरा वर्षांची होती. छंद होता, तोच आता पोटापाण्याचा उद्योग झाला.

१८११ मध्ये जोसेफला एका विचित्र प्राण्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीने त्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. सुमारे पाच मीटर लांबीचा हा प्राणी प्रथम मगर वाटला. पुढे त्याला 'इक्थिओसॉरस', म्हणजे मत्स्यसरडा, असे नाव मिळाले. १८२३ मध्ये मेरीने लांब मानेच्या प्लेसिओसॉरसचा संपूर्ण सांगाडा मिळवला. तो इतका अद्भुत होता, की फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी आधी त्याच्या खरेपणाविषयीच शंका घेतली. नंतर मात्र त्यांना आपले मत बदलावे लागले. १८२८ मध्ये तिला उडत्या सरीसृपाचे, टेरोसॉरचे, अवशेष सापडले. शास्त्रीयदृष्ट्या यांपैकी एकही प्राणी डायनोसॉर नव्हे. तो शब्दच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. परंतु नामशेष झालेल्या सरीसृपांचे एक जग होऊन गेले, ही कल्पना अशाच सांगाड्यांमुळे रुजली.

हे काम जिवावरचे होते. हिवाळी वादळांत दरडी कोसळत, नवे जीवाश्म उघडे पडत आणि लाटांनी ते ओढून नेण्याआधी वेचावे लागत. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गाडला गेला. मेरी थोडक्यात बचावली. शालेय शिक्षण नाममात्र असूनही ती शास्त्रीय निबंध हाताने उतरवून अभ्यासत असे आणि मासे कापून त्यांची शरीररचना समजून घेत असे.

श्रेय मात्र तिच्या वाट्याला फारसे आले नाही. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत प्लेसिओसॉरसवर निबंध वाचला गेला, तेव्हा त्यात मेरीचे नावही नव्हते. स्त्रियांना त्या संस्थेचे सदस्यत्व १९१९ पर्यंत मिळतच नव्हते. विद्वान तिचे नमुने विकत घेत, तिच्याशी चर्चा करीत आणि निबंध आपल्या नावावर छापीत.

काहींनी मात्र कृतज्ञता जपली. भूशास्त्रज्ञ हेन्री डे ला बेश यांनी १८३० मध्ये तिच्या शोधांच्या आधारे प्राचीन समुद्राचे चित्र रंगवले आणि त्याच्या प्रतींच्या विक्रीचे पैसे तिला दिले. आज मुलांच्या हाती असलेल्या डायनोसॉरच्या सचित्र पुस्तकांचे मूळ अशा चित्रांत आहे. १८३५ मध्ये तिला वर्षाला २५ पौंडांचे निवृत्तिवेतन मिळू लागले. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले.

तिने शोधलेले नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आजही मुले कुतूहलाने पाहतात. २०२२ मध्ये लाइम रीजिस येथे तिचा पुतळा उभा राहिला. त्यासाठीच्या मोहिमेची सुरुवात एका शाळकरी मुलीच्या आग्रहातून झाली होती. विद्वानांच्या सभेने नाकारलेले स्थान मेरीला अखेर असे एका लहान मुलीमुळे लाभले.