विश्लेषण : आईच्या नाताळच्या मोज्यात लेकीने ठेवलेले पहिले पुस्तक!

नाताळ जवळ आला की आईवडिलांना काय भेट द्यावी, हा प्रश्न दरवर्षी पडतो. ‘लिटल विमेन’ या जगप्रसिद्ध कादंबरीची लेखिका लुईसा मे अल्कॉट हिच्यासमोर तो ऐन गरिबीत उभा होता. १८५४ च्या नाताळात तिने आईला दिलेली भेट आणि पुढे आयुष्यभर त्या भेटीचा केलेला पाठपुरावा, याविषयी...

लुईसा अल्कॉट कोण होती?

लुईसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जर्मनटाउन येथे झाला. योगायोग असा, की वडील ब्रॉन्सन अल्कॉट यांचा जन्मदिवसही हाच. अ‍ॅना, लुईसा, एलिझाबेथ आणि मे अशा चार बहिणी; त्यांत लुईसा दुसरी. तिचे बहुतेक आयुष्य मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन आणि कॉनकॉर्ड येथे गेले. विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन आणि हेन्री डेव्हिड थोरो हे कॉनकॉर्डमधले त्यांच्या घरोब्याचे शेजारी. ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे.

घरात गरिबी का होती?

ब्रॉन्सन अल्कॉट काळाच्या पुढचे शिक्षक होते. मुलांना मारू नये, त्यांच्याशी संवाद साधून शिकवावे, असे त्यांचे मत होते. मात्र त्यांच्या शाळा टिकल्या नाहीत. एका कृष्णवर्णीय मुलीला त्यांनी प्रवेश दिला, तेव्हा बहुतेक पालकांनी आपली मुले काढून घेतली. १८४३ मध्ये त्यांनी ‘फ्रूटलँड्स’ नावाची सामुदायिक वसाहत उभारली. तिथे मांसाहार नव्हता आणि गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून कापूसही वर्ज्य होता. पहिल्याच हिवाळ्यात हा प्रयोग कोसळला. तत्त्वे उंच, पण चूल पेटवायची कशी, ही चिंता आई अ‍ॅबिगेल यांच्या वाट्याला आली. बॉस्टनमध्ये त्यांनी गरीब वस्त्यांत मदतकार्याची नोकरी केली, गरजूंना कामे मिळवून देणारे कार्यालयही चालवले. लुईसाने शिकवण्या घेतल्या, शिवणकाम केले, एका घरी मोलकरीण म्हणूनही राबली. तिथल्या सात आठवड्यांच्या कामाचे तिला फक्त चार डॉलर मिळाले. १८५४ च्या फेब्रुवारीत वडील व्याख्यानांच्या दौऱ्यावरून परतले, तेव्हा त्यांच्या पाकिटात एकच डॉलर होता.

आईने लेकीला काय दिले होते?

लुईसा तापट आणि हट्टी होती. वडिलांना तिच्या स्वभावाची काळजी वाटे. आईने मात्र ही मुलगी लिहिताना शांत होते, हे लहानपणीच हेरले. चौदाव्या वाढदिवशी त्यांनी तिला एक लेखणी भेट दिली, सोबत चार ओळी लिहून. घरात पैशांची चणचण असताना आईने मुलीचा कल ओळखून ही वस्तू निवडली होती.

१८५४ च्या नाताळात काय घडले?

सोळा वर्षांची असताना लुईसा इमर्सन यांची मुलगी एलेन हिला फुलांच्या, पऱ्यांच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींचे ‘फ्लॉवर फेबल्स’ हे पुस्तक डिसेंबर १८५४ मध्ये बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाले. लुईसाला त्याचे ३२ डॉलर मिळाले. तेव्हा ती २२ वर्षांची होती. पुस्तक तिने एलेनला अर्पण केले. आईसाठी मात्र एक प्रत नाताळच्या भेटी ठेवतात त्या मोज्यात सरकवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली. हे आपले पहिले अपत्य आहे, त्यातल्या उणिवा आईने पोटात घालाव्यात, आपल्या हातून काही चांगले घडले असेल तर ते आईच्या प्रोत्साहनामुळे, अशा आशयाची ती चिठ्ठी होती. पुढे पऱ्यांकडून माणसांकडे, खऱ्या जगाकडे वळण्याची आशाही तिने त्यात व्यक्त केली. आईने दिलेल्या लेखणीचे हे उत्तर होते.

कादंबरीत हा विषय कसा आला?

‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातच नाताळच्या भेटींपासून होते. वडील युद्धावर, घरात तंगी. चौघी बहिणींकडे एकेक डॉलर असतो. आधी प्रत्येकीला स्वतःसाठी काहीतरी घ्यायचे असते. पण शेकोटीजवळ ऊब द्यायला ठेवलेल्या आईच्या झिजलेल्या सपाता दिसतात आणि बेत बदलतो. मेग हातमोजे घेते, ज्यो सपाता, बेथ रुमाल आणि एमी अत्तराची बाटली. बेथ रुमालांवर आद्याक्षरे न भरता ‘आई’ असा शब्द भरते. कारण मेगची आद्याक्षरेही तीच, आणि हे रुमाल आईशिवाय कुणी वापरू नयेत अशी तिची इच्छा असते. आईच्या पायात काय आहे, हे आधी पाहिले आणि मग खरेदी झाली, हे या प्रसंगाचे मर्म.

वडिलांसाठी तिने काय केले?

मुलींसाठी कादंबरी लिहिण्याची लुईसाला फारशी इच्छा नव्हती. प्रकाशक थॉमस नाइल्स यांनी आग्रह धरला; तिने कादंबरी दिली तर ब्रॉन्सन यांचे पुस्तकही काढू, असे सूचित केले. लुईसा लिहायला बसली. वडिलांचे ‘टॅब्लेट्स’ही १८६८ मध्येच प्रसिद्ध झाले. पुढे ‘लिटल विमेन’च्या लेखिकेचे वडील म्हणून त्यांच्या व्याख्यानांना गर्दी होऊ लागली.

या भेटींची किंमत किती होती?

१८६२ च्या डिसेंबरात लुईसा यादवी युद्धातील जखमी सैनिकांची परिचारिका म्हणून वॉशिंग्टनला गेली. तो नाताळ तिने रुग्णालयात काढला. तिथे टायफॉइड झाला. पारा असलेले औषध दिले गेले. त्यानंतर तिची प्रकृती पूर्ववत झाली नाही. तरी ती लिहीत राहिली. कुटुंबाची सगळी जुनी देणी तिने फेडली. १८७१ मध्ये युरोपहून परतल्यावर घर उबदार ठेवण्यासाठी भट्टी बसवून घेतली. आई आता उजेडाच्या खोलीत, कामाच्या आणि पैशांच्या काळजीविना बसते, याचे समाधान तिने रोजनिशीत नोंदवले. यात आपली प्रकृती खर्ची पडली, याचीही तिला जाणीव होती.

अखेर कशी झाली?

आई २५ नोव्हेंबर १८७७ रोजी गेली. वडील ४ मार्च १८८८ रोजी आणि अवघ्या दोन दिवसांनी, ५५ व्या वर्षी लुईसा. कॉनकॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत हे कुटुंब विसावले आहे. लुईसाने दिलेल्या भेटींत पुस्तक होते, फिटलेली कर्जे होती आणि एक उबदार खोलीही होती. आईवडिलांना कशाची उणीव आहे आणि त्यांनी आपल्याला काय दिले, या दोन गोष्टी तिने कायम लक्षात ठेवल्या. यंदाच्या नाताळासाठी खरेदीचे ॲप उघडण्यापूर्वी याच दोन गोष्टी आठवल्या, तरी निवड बरीच सोपी होईल.