सोहिरोबांचा फणस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी चोपड्याला आरती आटोपली. प्रसाद घेऊन सगळे निघाले, पण एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या लेकीचं एका मुलावर मन बसलंय. घरात रोज वाद. वडील म्हणतात, हे वयाचं खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल. लेक म्हणते, प्रेमात अक्कल चालत नाही, चालवूही नये. ताई मधल्यामध्ये भरडल्या जातात. त्यांनी विचारलं, पोथीत तर वासना सोडा असं सांगितलंय. मग कुणावर मोग करणं हे पाप आहे का?

प्रश्न एका घरचा नाही. म्हणून या वेळच्या संदेशात आपल्याच मुलखातल्या एका थोर माणसाचं चरित्र घेतलं आहे, संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचं नाव आहे. आपली कितीतरी मुलं फॉर्मवर ते नाव लिहितात. पण ते कोण होते, हे घरात सांगणारं माणूस आता कमी झालंय.

सोहिरोबांचा जन्म 1714 सालचा. घराण्याची मुळं आपल्या पेडणे महालात, आणि वास्तव्य तेरेखोल नदीकाठच्या बांद्याला. तेव्हा पत्रादेवीला चेकनाका नव्हता. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यात होता, तो पोर्तुगीजांकडे गेला 1788 साली. म्हणजे बांदा आणि पेडणे हा एकच मुलूख, एकाच नात्यागोत्याची माणसं.

सोहिरोबांकडे बांद्याचं कुलकर्णीपण होतं. कुलकर्णी म्हणजे गावचा दप्तरदार. कुणाची जमीन किती, वसूल किती, बाकी किती, सगळं त्याच्या वहीत. मान होता, उत्पन्न होतं, आणि दरबारचा हुकूम आला की धावतही जावं लागे. लहानपणापासून देवाधर्माची आणि वाचनाची ओढ होती, पण दिवस जायचा दुसऱ्यांच्या जमाखर्चात. आजच्या नोकरदार माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिशी ओलांडल्यावर एकदा त्यांना सावंतवाडीला दरबारात बोलावणं आलं. गडबडीत निघाले. बांद्याहून सावंतवाडीला जाताना इन्सुली लागते. आज तिथून आपण गाडीने जातो तेव्हा कळतही नाही, पण त्या वेळी ते रान होतं. चालून चालून भूक लागली. बरोबर फणस होता. झाडाखाली बसले, फणस फोडला. पहिला गरा तोंडात घालणार, इतक्यात जवळून आवाज आला. कुणीतरी विचारत होतं की आम्हालाही काही मिळेल का.

वळून पाहिलं तर एक तेजस्वी जोगी उभा. सोहिरोबांनी हातातला गरा खाली ठेवला. उठून नमस्कार केला आणि चांगले चांगले गरे निवडून आधी त्या जोग्यापुढे ठेवले. जोग्याने खाल्ले, उरलेले प्रसाद म्हणून परत दिले, आणि मस्तकावर हात ठेवला. ते गहिनीनाथ होते, असं परंपरा सांगते. ज्या गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला आणि निवृत्तिनाथांकडून तो ज्ञानदेवांपर्यंत पोचला, त्याच नाथांचा हात आपल्या मुलखातल्या एका कुलकर्ण्याच्या डोक्यावर आला.

ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि पुढे सरकतो. पण जरा थांबून बघा. सोहिरोबांना भूक होती की नव्हती? होती. ती भूक पाप होती का? मुळीच नाही. गहिनीनाथांनी त्यांना उपाशी राहायला सांगितलं का? तेही नाही. शेवटी दोघांनीही फणस खाल्ला. बदलला तो फक्त क्रम. आधी समोरचा, मग मी.

कोंकणीत मी ह्याला हांव म्हणतात, आणि मराठीत लोभाला हाव. आपण पेडणेकर दोन्ही बोलतो, म्हणून आपल्याला हे पटकन उमगावं. जिथे हांव आधी, तिथे हाव. समोरचं माणूस आधी, तिथे मोग. भूक दोन्हीकडे तीच असते.

मग ह्यात बुद्धीचं काम काय? भूक काही विचार करत नाही, ती फक्त हात पुढे करते. हातातला गरा खाली ठेवण्याइतका क्षणभराचा अवकाश विवेक देतो. तेवढ्या क्षणात माणसाला दिसतं की समोर कुणी उभं आहे. बुद्धी प्रेमाची वैरीण नव्हे. तिच्यामुळेच समोरचं माणूस नीट दिसतं.

सोहिरोबांनी त्यानंतर कुलकर्णीपण सोडलं. हे वाचून कुणाला वाटेल, घरच्यांचं काय झालं? खरा प्रश्न आहे. चालतं उत्पन्न सोडलं की पहिली झळ चुलीला लागते, आणि ती बायकामुलांना सोसावी लागते. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोहिरोबा लगेच भगवी वस्त्रं घालून पळून गेले नाहीत. नंतरची बरीच वर्षं ते बांद्यातच राहिले. ध्यान, भजन, लेखन सगळं तिथेच. महदनुभवेश्वरी, सिद्धान्तसंहिता, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद असे मोठे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. पदं तर शेकड्यांनी. त्यातलं एक पद मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी गायलं आणि ते घरोघरी पोचलं. आतमध्ये ज्ञानाचा जो दिवा लागलाय तो विझू देऊ नये, असा त्याचा भाव. आपल्याकडे भजनी मंडळात ते हमखास म्हटलं जातं.

दिव्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. दिव्यात तेल नसेल तर तो जळणार कशावर? मनाची ओढ हे तेल आहे. ते सगळं ओतून टाकलं तर अंधार. आणि तेच तेल वात सोडून भलतीकडे पेटलं तर घराला आग. विवेक म्हणजे ती वात. सोहिरोबांनी ओढ मारली नाही, तिला वात दिली.

उतारवयात ते तीर्थयात्रेला उत्तरेत गेले. तिथे महादजी शिंद्यांचा दबदबा. दिल्लीपर्यंत त्यांचा शब्द चालायचा. आणि त्यांचे नामांकित सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळ केरकर, म्हणजे आपल्या पेडण्यातल्या केरीचे. आपल्या मुलखातला साधू आलाय म्हटल्यावर जिवबादादांना आनंद झाला. त्यांनी महादजींची आणि सोहिरोबांची भेट घडवून आणली.

महादजी स्वतः भक्तिपर कविता करत. त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली. आता विचार करा. समोर एवढा मोठा सरदार. दोन गोड शब्द बोलले असते तर मठ, जमीन, वर्षासन, काय मागावं ते मिळालं असतं. घरच्यांची ददात मिटली असती. पण सोहिरोबांनी स्पष्ट सांगितलं की ह्या कवितेत देवापेक्षा लिहिणाऱ्याचा अहंकार जास्त आहे. महादजी रागावले. जिवबादादांची काय अवस्था झाली असेल! सोहिरोबांनी राजाला हिंदी पदातून उत्तर दिलं. राजा आपल्या जागी, जोगी आपल्या जागी, आम्हाला तुमच्याकडून काही नको, असा त्याचा अर्थ. आणि ते उठून चालू लागले.

इन्सुलीला जे झालं तेच इथे झालं, फक्त परीक्षा अवघड होती. पोटाची भूक ओळखता येते. मोठेपणाची भूक भक्तीचा, प्रेमाचा वेष घालून येते, ती चटकन ओळखू येत नाही. महादजींचं देवावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्या प्रेमात हांव आधी आला होता, एवढंच सोहिरोबांना दिसलं. आणि खरं सांगायला ते धजले, कारण त्यांना महादजींकडून काही घ्यायचं नव्हतं. ज्याच्याकडून आपल्याला काहीच नको, त्याचंच खरं हित आपण बोलू शकतो.

पुढे ते उज्जैनला राहिले, आणि 1792 साली तिथेच अंतर्धान पावले.

आता ताईंचा प्रश्न. मोग करणं पाप नाही. लेकीला ओढ वाटते, ती निसर्गाने दिलेली आहे. तिला खूळ म्हणून हिणवू नका. पण लेकीनेही अक्कल बाजूला ठेवून चालणार नाही. तिने शांतपणे बघावं की तो मुलगा हवा आहे, की कुणालातरी आपण हव्या आहोत ही भावना हवी आहे? त्याच्या अडचणीत, आजारपणात, रिकाम्या खिशात आपण त्याच्यापुढे पहिला गरा ठेवू का? आणि तो आपल्यापुढे ठेवील का? हे बघायला वेळ लागतो. तो वेळ घेतल्याने खरं प्रेम आटत नाही.

आणि हाच प्रश्न वडिलांनाही आहे, ह्यात सूट नाही. आपला विरोध लेकीच्या काळजीपोटी आहे, की गावात लोक काय म्हणतील ह्या भीतीपोटी? काळजी असेल तर त्या मुलाला घरी बोलावून, चहा देऊन, नीट पारखून घ्या. पण नुसती आपली मान राखायची असेल, तर तीही हावच. बापाच्या नावाने आली म्हणून ती मोग होत नाही.

रामकृष्ण परमहंस सांगत की फणस फोडण्याआधी हाताला तेल लावावं, म्हणजे चीक चिकटत नाही. आपल्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. फणस नको असं कुणी म्हणत नाही. तेल लावा, फोडा, आणि पहिले गरे दुसऱ्याला द्या. आयांनी तर हे आयुष्यभर केलंय, त्यांना गहिनीनाथ भेटले नाहीत एवढंच. की भेटले, आणि आपल्याला दिसले नाहीत?

ह्या आठवड्याचा नेम: रोज एकदा, जेवायला बसताना, आधी घरातल्या दुसऱ्या कुणाचं ताट वाढावं. पुरुषांनी आणि मुलांनी विशेष करून. आणि ज्या घरात असा वाद चालू आहे, तिथे सात दिवस एकमेकांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घ्यावं.

येत्या गुरुवारी आरती नेहमीच्या वेळी. मुलांना बरोबर आणा. हा संदेश आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा, आणि आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा.

॥ अलख निरंजन ॥
॥ श्री सद्गुरू चरणार्पणमस्तु ॥