पोटाच्या त्रासातून मातीकडे वळलेले गांधीजी

पोट साफ होत नाही, डोकं ठणकतं, दुपार झाली की अंगात त्राण राहत नाही. पारावर बसलं की ही तक्रार रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकायला मिळते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला वकिली करणाऱ्या एका तरुण बॅरिस्टरचीही नेमकी हीच तक्रार होती. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपास करणारा, शेळीचं दूध पिणारा म्हातारा येतो. पण तिशीतले गांधी चांगले खाणारे होते. शाकाहारी खरे, पण दिवसातून तीन वेळा पोटभर जेवण आणि वर दुपारचा चहा. त्याचा परिणाम म्हणजे कायमचा बद्धकोष्ठ आणि अधूनमधून डोकेदुखी. सारक औषधं घेऊन दिवस ढकलणं चालू होतं. विलायतेत मँचेस्टरला सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांची एक मंडळी निघाली आहे, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी न्याहारी बंद केली. सुरुवातीचे काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी गेली. आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, एवढं त्यांना त्यातून कळलं.

बद्धकोष्ठ मात्र हटेना. लुई कुने नावाच्या जर्मन माणसाचं कटिस्नान त्यांनी सुरू केलं. म्हणजे टबात पाणी घ्यायचं, कंबर बुडेल असं बसायचं, पाय बाहेर ठेवायचे आणि ओटीपोट जाड फडक्याने चोळायचं. थोडा उतार पडला. नंतर अॅडॉल्फ जुस्ट या दुसऱ्या जर्मनाचं पुस्तक हाती आलं आणि त्यात मातीची पट्टी सापडली. स्वच्छ माती गार पाण्यात कालवायची, पातळ फडक्यात पसरायची आणि रात्री झोपताना पोटावर बांधायची. हा उपाय त्यांना लागू पडला आणि पुढे जन्मभर त्यांनी तो सोडला नाही.

आता प्रयोग स्वतःवर केला तर बिघडलं काय, असं कोणीही म्हणेल. पण गांधीजी तिथं थांबले नाहीत. 1902 साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. न्यूमोनियाचीही लक्षणं दिसत होती. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस द्यायला सांगितलं. गांधीजींनी धर्माचं कारण सांगून नकार दिला आणि स्वतःचे पाण्याचे उपचार चालू केले. कटिस्नान दिलं, संत्र्याच्या रसात पाणी घालून पाजलं. ताप 104 वर. रात्री मुलगा बरळू लागला. मग त्यांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं, वरून घोंगड्या घातल्या, कस्तुरबांना जवळ बसवलं आणि स्वतः चौपाटीवर फिरायला निघून गेले. जीव राहत नव्हता. देवाचं नाव घेत फिरत होते. परत आले तेव्हा पोराला दरदरून घाम फुटला होता आणि ताप उतरणीला लागला होता. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस, एवढ्यावर मणिलाल उठला.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पोरगा बरा झाला तो पाण्याच्या उपचाराने, देवाच्या कृपेने की पथ्य आणि सेवेने, हे नक्की सांगता येत नाही, असं गांधीजींनी पुढे आत्मकथेत कबूल केलं. स्वतः ते देवाला श्रेय देत. शिवाय डॉक्टरांनी येऊन मुलाची तपासणी करत राहावं, ही विनंती त्यांनी आधीच केली होती. आपल्याकडे मोबाईलवर रोज नवा काढा येतो, त्याखाली अशी कबुली कधी दिसत नाही. आणि स्पष्टच सांगायचं तर बाप म्हणून मी हे धाडस केलं नसतं.

1904 साली जोहान्सबर्गला हिंदी मजुरांत प्लेग शिरला. गांधीजी स्वतः रोग्यांच्या सेवेत उतरले. डॉक्टरांच्या परवानगीने तीन रोग्यांच्या डोक्यावर आणि छातीवर त्यांनी ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवल्या. त्यातले दोघे वाचले, बाकीचे वीस दगावले. सेवेला आलेली परिचारिकाही प्लेगनेच गेली.

कस्तुरबांचा रक्तस्राव थांबेना, तेव्हाची गोष्ट तर घरोघरी समजेल अशी आहे. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. बा म्हणाल्या, तुम्हाला तरी सोडवेल का? झालं. गांधीजींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बा रडकुंडीला आल्या, पण नवरा हट्टी. बांना पुढे गुण आला आणि गांधीजींची वैदू म्हणून ख्याती आणखी वाढली. असा विनोद ते स्वतःवरच करत.

हट्टाची किंमत त्यांनीही मोजली. 1918 साली खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरत असताना शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू, यावर त्यांचं पोट चालू होतं. दूध न पिण्याचं व्रत आधीच घेतलेलं. पोट बिघडलेलं असताना सणाचं गोड खाल्लं आणि जबर आमांश झाला. औषध घ्यायचं नाही, असं ठरवून बसले आणि मरणाच्या दारात गेले. एका उपचारकाने अंगभर बर्फ लावून पाहिला, त्याने थोडी उभारी आली, पण शक्ती भरेना. शेवटी मुंबईत डॉ. दलालांनी मूळव्याधीचं ऑपरेशन केलं आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही, असं बजावलं. व्रत गाईम्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं चालेल, अशी वाट कस्तुरबांनी काढून दिली. गांधीजींनी ते दूध घेतलं, पण व्रताचा शब्द पाळला आणि अर्थ मोडला, ही खंत त्यांच्या मनात राहिली. त्यांची प्रसिद्ध शेळी दारात आली ती अशी.

1909 साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये याच माणसाने डॉक्टर आणि दवाखान्यांवर सडकून टीका केली होती. 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अॅपेंडिक्स सुजलं, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. बाहेर वादळी पाऊस. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. मातीच्या पट्टीवर बसून राहण्याची ती वेळ नव्हती, आणि गांधीजी बसले नाहीत.

1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. शेतकऱ्याने वाचावं असं त्यात बरंच आहे. पट्टीसाठी खत घातलेल्या रानातली माती चालत नाही. माती चाळून घ्यायची, शंका असेल तर तापवून घ्यायची. पोटावरची पट्टी सहा इंच लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड. गांधीलमाशीच्या दंशावर मातीचा उपयोग झाला, विंचवावर मात्र तेवढा नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. विषमज्वरात मातीने रोग्याला आराम पडतो, पण ताप त्याचे दिवस घेतोच, असंही लिहिलं.

त्याच कैदेत 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा गेल्या. शेवटच्या दिवसांत मुलगा देवदासने पेनिसिलीन मागवलं होतं. ते तेव्हा नवीनच होतं. जाणाऱ्या जिवाला सुया टोचून त्रास देऊ नये, असं म्हणून गांधीजींनी त्याला परावृत्त केलं. यावर आजही वाद होतो. कारण थोड्याच आठवड्यांनी गांधीजींना मलेरिया झाला, तेव्हा आधी नाही म्हणूनही शेवटी त्यांनी क्विनीन घेतलं आणि ताप उतरला. बांचं दुखणं जुनं, हृदयाचं, शरीर खंगलेलं. मलेरियाला ठरलेलं औषध होतं. हा फरक धरूनही वाचताना मन खट्टू होतं.

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचा मुक्काम असायचा. 1945 च्या नोव्हेंबरात तिथे ट्रस्ट झाला आणि गांधीजी त्यात आले. पण थोड्याच काळात त्यांना वाटलं, शहरातलं हे केंद्र गरिबाच्या काय कामाचं? खेड्यातला माणूस गाडीभाडं भरून पुण्याला येणार कसा? उपचार माती, पाणी, ऊन आणि हवेचा आहे, तर तो गावातच हवा. म्हणून 1946 च्या मार्चमध्ये पुण्याहून तीसएक किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेवर असलेल्या उरुळी कांचनला ते उतरले. वय 76. रोग्यांना पाहून ते एकेकाला कटिस्नान, सूर्यस्नान, फळं, दूध सांगत होते आणि सगळ्यांना रामनाम. आजार होऊच नये म्हणून गाव स्वच्छ ठेवा, हा आग्रह त्याहून मोठा.

मुक्काम जेमतेम आठवडाभराचा. पुढे दिल्लीच्या वाटाघाटी आल्या, मग नोआखालीची आग, आणि उरुळीत ठाण मांडणं काही जमलं नाही. गावकऱ्यांनी जमीन दिली आणि आश्रम उभा राहिला. गांधीजींनी पंचविशीतला मणिभाई देसाई हा गुजराती तरुण तिथे ठेवला. तो जन्मभर तिथेच राहिला. रोग्याला दूध सांगायचं तर गावात चांगली गाय हवी, म्हणून मणिभाईंनी गोठा उभा केला आणि त्या कामातून 1967 साली ‘बायफ’ ही संस्था निघाली. आपल्या गोठ्यात संकरित कालवड जन्मते, ती आणण्यात या संस्थेच्या रेतनाच्या कामाचा मोठा वाटा आहे. आश्रमही चालू आहे. पोटाच्या, सांध्यांच्या जुन्या तक्रारी घेऊन लोक तिथे येतात, आणि पोटावर मातीची पट्टी अजून ठेवली जाते.